ओहोटीच्या सोबतिणी

आपल्या घरोघरीं देवघराशेजारीं किंवा माजघराच्या भिंतीवर पंचांग असतें. एकादशी कधीं आहे, संकष्टीचा चंद्रोदय किती वाजतां आहे, श्राद्धतिथि कोणत्या वारीं येते, इतकें पाहण्यापुरता त्याचा उपयोग आपण करितों. त्याच तिथीवरून रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एखादी वृद्ध कोळीण, आज समुद्र किती वाजतां मागें हटेल, हें तोंडच्या तोंडीं सांगते. तिचें गणित असें : तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची वेळ निघते, आणि तींत सहा तास मिळविले कीं पूर्ण ओहोटीची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणून भरती सहाला व ओहोटी बाराला. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी नऊला. पौर्णिमेला व अमावास्येला भरती बाराच्या आगेंमागें आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. चंद्र दररोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरां उगवतो आणि समुद्राचें पाणी त्याच्या मागोमाग चालतें, हें या पाऊणपटीचें कारण होय. एकच तिथि एका घरांत उपासाची वेळ सांगते आणि दुसऱ्या घरांत कामाला निघण्याची.

ह्या दुसऱ्या घरांतील स्त्रियांविषयीं आम्हांस आज लिहावयाचें आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत मासळी येत नाहीं. कांहींच्या घरीं ती आवडीनें खाल्ली जाते. परंतु विषय खाण्याचा किंवा न खाण्याचा नाहीं. एका प्राचीन उद्योगाचा मोठा भार ज्या स्त्रिया वाहतात, त्यांस आपण त्या उद्योगांतील माणसें म्हणून ओळखतों कीं नाहीं, हा प्रश्न आहे. "मच्छीमार" हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें होडी, जाळें आणि पुरुष उभा राहतो. बाई दिसते ती पुढें बाजारांत, टोपलीच्या मागें. जणूं मासा समुद्रांतून उडी मारून थेट तिच्या टोपलींतच पडला! वस्तुस्थिति तशी नाहीं, आणि ती कशी आहे हें पाहिल्यास त्या स्त्रियांचें बळ कशांत आहे हेंहि ध्यानांत येईल.

खडपांवर आणि चिखलांत

रायगड जिल्हा, म्हणजे १९८१ सालापर्यंतचा कुलाबा जिल्हा, याचा किनारा उरण-करंजापासून खालीं हरिहरेश्वरापर्यंत पसरला आहे. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट अशा खाड्या त्यांतून आंत शिरल्या आहेत. थळ, नवगांव, वरसोली, अलिबाग, कोर्लई, मुरूड, एकदरा, श्रीवर्धन अशा ठिकाणीं कोळ्यांची वस्ती जुनी आहे. खाडीकांठीं आगरी व कातकरी लोकहि मासे धरतात. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाणाचे असतात. त्या दिवसांत भरतीची आणि ओहोटीची पातळी यांत सुमारें बारा फुटांचें, कधीं त्याहूनहि अधिक अंतर पडतें, आणि एरवीं पाण्याखालीं असणारीं खडपें उघडीं होतात. ज्या ओहोटींत मुंबईचे प्रवासी अलिबागचा कुलाबा किल्ला पाहावयास पायीं जातात, त्याच ओहोटींत किनाऱ्यावरील बायका कमरेला टोपली किंवा पिशवी बांधून आपल्या कामाला निघतात.

हें काम हातांचें, पायांचें आणि नजरेचें आहे. तिसऱ्या वाळूंत दडलेल्या असतात. वर दिसतात तीं फक्त त्यांच्या श्वासाचीं बारीक भोंकें. कालव खडकाला इतकें घट्ट चिकटलेलें असतें कीं तें सबंध निघत नाहीं. लहानशा टोंकदार लोखंडी हत्यारानें वरचें शिंपलें उचकटून आंतील मांस तेवढें काढून घ्यावें लागतें. चिंबोरी बिळांत असते आणि तिच्या नांग्या बोट तोडूं शकतात. निवट्या चिखलावरून उड्या मारीत पळतात. तिवरांच्या मुळांमधून गुडघाभर चिखलांत चालणें हीच एक विद्या आहे. पाय कोठें टाकावा आणि कोठें टाकूं नये हें पुस्तकांतून शिकतां येत नाहीं. यासाठीं होडी लागत नाहीं, इंजिन लागत नाहीं, भांडवलहि फारसें लागत नाहीं. म्हणूनच तें बायकांच्या वांट्याला आलें, आणि म्हणूनच तें कोणी मासेमारींत धरलें नाहीं.

ह्या कामाला सहसा कोणी एकटी जात नाहीं, ही त्यांतली मुख्य गोष्ट होय. दोघी-चौघी मिळून जाण्याचें कारण केवळ गप्पांची हौस नव्हे. खडपांत वांकून काम करणाऱ्या बाईचे डोळे हाताखालच्या खडकावर असतात. भरतीचें पाणी मात्र पुष्कळदां समोरून न येतां मागच्या घळींतून येतें आणि परतीची वाट आधीं बंद करतें. तेव्हां कोणी तरी मान वर करून पाण्याकडे पाहणारी हवी. कालवांच्या धारदार कडांनीं पाय कापला तर आधार देणारी हवी, आणि चिखलांत रुतलेलीला हात देणारी हवी. तरुण सून प्रथम जाते ती सासूबरोबर, जावेबरोबर किंवा शेजारच्या वयस्क बाईबरोबर. कोणता खडक निसरडा, कोणत्या घळींत पाणी आधीं भरतें, कोठलीं कालवें यंदां तशींच राहूं द्यावीं, ही सारी माहिती एकीच्या तोंडून दुसरीच्या कानीं जाते. घरीं राहिलेलें तान्हें मूल तोंवर एखाद्या आजीच्या मांडीवर असतें. तीहि या कामांतली भागीदारीणच म्हटली पाहिजे.

होड्या किनाऱ्यास लागल्यावर

समुद्रांत गेलेली होडी परत आली कीं पुरुषांचें काम बव्हंशीं संपतें आणि बायकांचें सुरू होतें. मासळी निवडणें, तिचे वांटे घालणें, भाव बोलणें, बर्फांत भरणें, बाजारांत नेऊन विकणें आणि आलेल्या पैशाचा हिशेब ठेवणें, हीं कामें कोळी समाजांत पिढ्यान् पिढ्या स्त्रियांकडे आहेत. कोळ्याच्या घरांत पैशाची थैली बाईच्या कनवटीला असते, असें म्हटलें जातें तें उगीच नव्हे. आमच्या सुशिक्षित घरांतून स्त्रीनें बँकेंत जाऊन आपल्या नांवाचा व्यवहार करावा कीं नाहीं याची चर्चा चालू होती, त्या काळींहि ही बाई धक्क्यावर उभी राहून शेंकड्यांचे सौदे तोंडीं करीत होती.

बोंबलाचेंच उदाहरण घ्या. या माशाच्या अंगांत बहुतेक पाणीच असतें, त्यामुळें तो ताजा फार वेळ टिकत नाहीं. म्हणून दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंच्या आडव्या वलांडींवर उन्हांत टांगतात. दिवाळीनंतर पावसाळ्यापर्यंत किनाऱ्यावर हे झालर लावल्यासारखे मांडव दिसतात. शेजारीं जवळा व मांदेली पसरलेलीं असतात. तीं उलथणें, आभाळ भरून आलें तर धांवत जाऊन उचलणें, कावळ्या-कुत्र्यांपासून राखणें, हें सर्व बायका पाळीपाळीनें करतात. एकीची मासळी वाळत असतां ती बाजारांत गेली तर दुसरी तिचें राखते, कारण उद्यां हीच वेळ तिच्यावरहि येणार असते.

या वाळवणाची खरी किंमत पावसाळ्यांत कळते. महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै या काळांत यांत्रिक होड्यांस समुद्रांत मासेमारी करण्याची बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ. शिवाय समुद्र खवळलेला. होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि पुरुष जाळीं दुरुस्त करीत बसतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होईपर्यंत चूल कशावर पेटते? बाईनें उन्हाळ्यांत वाळवून ठेवलेल्या मासळीवर, आणि खाडींत उतरून तिनें हातांनीं वेंचून आणलेल्या तिसऱ्या-चिंबोऱ्यांवर. वर्षांतील दोन महिने या कोळीवाड्यांतील संसार ज्या मासेमारीवर चालतो ती बायकांचीच मासेमारी होय.

गळ टाकणाऱ्या परदेशी भगिनी

पोटासाठीं मासे धरणें ही एक गोष्ट, आणि विरंगुळा म्हणून गळ टाकून बसणें ही दुसरी. ही दुसरी गोष्ट केवळ विलायती आहे असें मात्र कोणी समजूं नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या "मानसोल्लास" या संस्कृत ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत गळ, दोरी, आमिष आणि माशांच्या जाती यांचें वर्णन येतें. परंतु तो राजाचा खेळ होता. त्यांत स्त्रियांस स्थान नव्हतें.

युरोप-अमेरिकेंतहि पुष्कळ काळ हीच रीत होती. तेथें गळाच्या मासेमारीचा एक सूक्ष्म प्रकार आहे. लहानशा आंकड्यावर पिसें व रेशीम गुंडाळून खोटी माशी बनवितात आणि लवचीक काठीनें ती अशी फेकतात कीं खरीच माशी पाण्यावर उतरली असें माशाला वाटावें. यालाच फ्लाय फिशिंग म्हणतात. यांत ताकदीपेक्षां मनगटाचें वळण, डोळ्यांची दृष्टि आणि धीर यांचें काम अधिक; म्हणजे जे गुण स्त्रियांत असतात असें आपण सदैव म्हणतों तेच. इंग्लंडांत १४९६ सालीं छापलेला गळाच्या मासेमारीवरील पहिला इंग्रजी निबंध ज्युलियाना बर्नर्स नांवाच्या एका धर्मभगिनीचा म्हणून प्रसिद्ध आहे. तिचें कर्तृत्व विद्वानांना संशयास्पद वाटतें, पण नांव टिकलें आहे. स्कॉटलंडांतील टे नदींत ७ ऑक्टोबर १९२२ रोजीं जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीनें ६४ पौंडांचा सामन मासा गळानें धरला. वडील होडी सांभाळीत होते, आणि सुमारें दोन तासांची झुंज संपेपर्यंत अंधार पडला होता. ब्रिटनमध्यें गळानें धरलेल्या सामनाचा तो उच्चांक आजवर कोणाहि पुरुषानें मोडलेला नाहीं.

असें असूनहि स्त्रियांस तेथील मासेमारीच्या मंडळांत सहजासहजीं प्रवेश मिळेना. तेव्हां १९३२ सालीं न्यू यॉर्क येथील कांहीं स्त्रियांनीं स्वतःचेंच फ्लाय फिशिंगचें मंडळ काढलें. पुढें १९९६ सालीं अमेरिकेंतील व्हरमाँट संस्थानांत "कास्टिंग फॉर रिकव्हरी" ही संस्था निघाली. स्तनाच्या कर्करोगांतून उठलेल्या स्त्रियांस ती नदीकांठीं एकत्र बोलावून काठी फेकावयास शिकविते. शस्त्रक्रियेनंतर आंखडलेल्या हाताला त्या हालचालीनें हळुवार व्यायाम घडतो, आणि आपल्यासारखीच दुसरी शेजारीं उभी आहे याचा दिलासा मनाला मिळतो.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांत स्टीलहेड नांवाचा मासा आहे. नदींत जन्मून तो समुद्रांत जातो आणि मोठा होऊन अंडीं घालण्यासाठीं पुन्हां नदींत येतो. तो गळाला लागणें इतकें दुर्मिळ कीं, हजारदां माशी फेकावी तेव्हां एक स्टीलहेड, असें तेथील लोक म्हणतात. त्याच्या मागें थंड पाण्यांत तासन् तास उभें राहणाऱ्यांत आतां स्त्रियाहि पुष्कळ आहेत. रित्या हातानें परतण्याचे दिवसच अधिक. तेव्हां उत्साह टिकतो तो बरोबरच्या मैत्रिणींमुळें.

आमच्या रायगडच्या खाड्यांतहि असाच एक प्रवासी आहे, तो म्हणजे जिताडा. त्याचा प्रवास स्टीलहेडच्या उलट. तो समुद्राच्या खाऱ्या पाण्याजवळ जन्मतो आणि त्याचीं पिलें भरतीबरोबर खाडींत, खारेपाटांत, पार गोड्या पाण्यापर्यंत चढतात. अलिबाग-पेणकडे शेताजवळच्या तळ्यांत जिताडा वाढवून तो जांवयाच्या पाहुणचारासाठीं राखण्याची चाल प्रसिद्ध आहे. त्याची आणखी एक गंमत अशी कीं, जिताडा बहुधा नर म्हणून आयुष्य सुरू करतो आणि कांहीं वर्षांनीं मादी होतो. म्हणून फार मोठा जिताडा सांपडला तर ती प्रायः मादीच असते. तळ्यांतील ज्या माशाचें कौतुक जांवयासाठीं होतें तो बहुधा माहेरवाशीणच निघावी, हा सृष्टीचा विनोदच म्हणावयाचा!

म्हातारीचा समुद्र

हौसेनें गळ टाकणारी आणि पोटासाठीं खडपांत उतरणारी यांच्यांत अंतर फार आहे, हें आम्ही विसरत नाहीं. एकीनें मासा धरून पुन्हां पाण्यांत सोडून दिला तरी तिचें कांहीं बिघडत नाहीं. दुसरीनें सोडला तर त्या दिवशीं घरांत कालवण नाहीं. एकीला सोबत मिळविण्यासाठीं मंडळ काढावें लागलें. दुसरीच्या कामांत सोबत मुळांतच होती, पण तिला कोणी मंडळ म्हटलें नाहीं. म्हणून आमच्या कोळी भगिनींची खरी तुलना करावयाची तर ती दक्षिण कोरियांतील जेजू बेटावरील पाणबुड्या स्त्रियांशीं करावी लागेल.

ह्या स्त्रियांस "हेन्यो" म्हणतात. हवेच्या नळकांड्याशिवाय, केवळ श्वास रोखून त्या समुद्रतळाशीं जातात आणि शिंपल्यांतील मासे व समुद्रवनस्पती काढून आणतात. कौशल्याप्रमाणें त्यांच्यांत तीन पायऱ्या मानतात, आणि वरच्या पायरीवरील बाईनें खालच्यांकडे लक्ष ठेवावयाचें असा नियम आहे. समुद्रांत उतरण्यापूर्वीं व वर आल्यावर त्या दगडी आडोशांत शेकोटीभोंवतीं जमत. तेथेंच नव्या मुली शिकत आणि तेथेंच सर्वांचे निर्णय होत. किनाऱ्यालगतचा उथळ भाग वृद्ध स्त्रियांसाठीं राखून ठेवण्याची चालहि तेथें आहे. त्याला त्या "म्हातारीचा समुद्र" अशा अर्थाचें नांव देतात. खोल पाण्यांत जाण्याची शक्ति गेली तरी बाईचा समुद्र तिच्यापासून कोणी हिरावून घेऊं नये, हा त्यांतला आशय. २०१६ सालीं युनेस्कोनें हेन्योंच्या या परंपरेची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत केली.

आमच्या खडपांवरहि वृद्ध बाई किनाऱ्याजवळच्या खडकांवर आणि तरुण बायका पुढें, अशी विभागणी सहज दिसते. तिला नांव नाहीं, नियम नाहीं, नोंद नाहीं. नोंद नसलेली वस्तु जेव्हां जाते तेव्हां ती गेल्याचेंहि कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, म्हणून हें सांगणें.

रकान्यांत न बसणारें काम

सरकारी व्यवहार रकान्यांनीं चालतो, आणि मासेमारीच्या रकान्यांत पहिली जागा होडीची. डिझेलवरील कराची परतफेड होडीला मिळते. टोपलीला डिझेल लागत नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां घरें उडालीं, माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या, होड्या फुटल्या. नैसर्गिक आपत्तींतील मदतीच्या नियमांत होडीसाठीं व जाळ्यासाठीं दर ठरलेले असतात. जिची होडी नाहीं व जाळें नाहीं, तिचें काय गेलें हें त्या दरांवरून कसें मोजावें?

जागेचाहि प्रश्न असाच आहे. शेताला सातबारा असतो, घराला घरपट्टी असते. पण ज्या खडपावर आजी, सासू आणि सून यांनीं कालवें काढलीं त्याचा उतारा कोणत्याहि चावडींत मिळत नाहीं. खाडी बुजवून धक्का बांधला, भराव टाकला, तिवरें तोडलीं, तर कागदोपत्रीं कोणाचेंच कांहीं गेलेलें नसतें. उरणकडे हा अनुभव आला. न्हावा-शेवा येथें १९८९ सालीं बंदर सुरू झालें आणि पुढें तें वाढत गेलें. भरावामुळें भरतीच्या पाण्याच्या वाटा बंद झाल्या व पारंपरिक मासेमारी बुडाली, अशी तक्रार तेथील मच्छीमारांनीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें नेली. २०१५ सालीं न्यायाधिकरणानें १,६३० कुटुंबांना सुमारें ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी असा निर्णय दिला. रकमेपेक्षांहि महत्त्वाचें तें असें कीं, ज्या पाण्याचा सातबारा नाहीं त्या पाण्यावरहि पिढीजात कष्टानें हक्क निर्माण होतो, हें तत्त्व त्या निर्णयांत मान्य झालें. २०१८ सालीं मुंबई उच्च न्यायालयानेंहि राज्यांतील तिवरांच्या तोडीस मनाई करणारा निकाल दिला. तिवरांच्या मुळांशीं माशांचीं व चिंबोऱ्यांचीं पिलें वाढतात. तेव्हां तिवर राखणें म्हणजे खाडींत उतरणाऱ्या बाईचें शेत राखणें होय.

जगांत याची जाणीव होऊं लागली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें २०१४ सालीं लहान प्रमाणावरील मासेमारीसंबंधीं मार्गदर्शक तत्त्वें स्वीकारलीं. त्यांत किनाऱ्यावरील वेंचणी, वाळवण आणि विक्री हींहि मासेमारीचींच अंगें मानलीं आहेत. अशा रीतीनें मोजलें असतां लहान मासेमारींत गुंतलेल्या दर दहा माणसांपैकीं चार स्त्रिया आहेत, असें त्याच संघटनेचें म्हणणें आहे. होडी मोजली तर बाई दिसत नाहीं. काम मोजलें तर लगेच दिसते.

मत्स्यगंधेची जागा

आतां आमच्या वाचकांच्या घराकडे वळूं. ज्या व्यासमहर्षींच्या नांवानें आपण आषाढी पौर्णिमेस गुरुपूजन करितों, त्यांची माता सत्यवती धीवरांच्या घरीं वाढली आणि यमुनेवर नाव वल्हवीत होती. तिच्या अंगाला माशांचा वास येई म्हणून तिला मत्स्यगंधा म्हणत. पराशरांच्या वरानें तो वास जाऊन सुगंध आला, अशी कथा आहे. कथा ऐकतांना आपणांस तो वास खुपत नाहीं. एस. टी. च्या गाडींत टोपली घेऊन कोळीण चढली कीं मात्र पदर नाकाला जातो आणि कोणी तरी तिला मागें जावयास सांगतो. आजच्या मत्स्यगंधेला ऋषींच्या वराची गरज नाहीं. बसावयास जागा मिळाली म्हणजे पुरे. पहांटे तीन-चारला उठून ती धक्क्यावर गेलेली असते, आणि दुपारीं विक्री आटोपून घरीं जाईल तेव्हां तिचें रांधणें व्हावयाचेंच असतें.

आणखीहि कांहीं गोष्टी आपल्या हातच्या आहेत. ज्या घरांत मासळी येते त्या घरच्या गृहिणींनीं अगदीं लहान पापलेट वा लहान सुरमई घेऊंच नये. पापलेट हा २०२३ सालीं महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला, आणि त्याच वर्षीं राज्यानें अनेक जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पिलें विकलीं गेलीं नाहींत तर तीं धरलींहि जाणार नाहींत. मोठ्या दुकानांत छापील भाव निमूटपणें द्यावयाचा आणि म्हाताऱ्या कोळिणीशीं पांच रुपयांसाठीं अर्धा तास हुज्जत घालावयाची, ही आपली रीतहि सोडण्यासारखी आहे. ज्यांच्या घरीं मासळी येत नाहीं त्यांनींहि, गांवच्या सभेंत बाजाराच्या ओट्याची, सावलीची, पाण्याच्या नळाची किंवा स्त्रियांच्या शौचगृहाची गोष्ट निघेल तेव्हां या बायकांच्या बाजूनें एक शब्द बोलावा. शिकलेल्या माणसाच्या शब्दाला अशा जागीं वजन असतें.

कोळ्यांच्या मुली आतां शाळा-कॉलेजांत जातात, नर्स होतात, शिक्षिका होतात, बँकांत नोकरी करतात. त्यांनीं आईची टोपली उचललीच पाहिजे असें आम्ही कदापि म्हणणार नाहीं. तो निर्णय सर्वस्वीं त्यांचा आहे. परंतु खडपांचीं नांवें, घळींच्या वाटा, तिथीचीं गणितें, कोणत्या महिन्यांत काय काढावें व काय राहूं द्यावें, हें ज्ञान कोठेंहि लिहिलेलें नाहीं. तें वृद्ध स्त्रियांच्या स्मरणांत आहे आणि त्यांच्याबरोबर तें जाईल. किनाऱ्यावरील शाळांत शिकविणाऱ्या आमच्या कित्येक वाचकभगिनी आहेत. त्यांस आमची एक विनंती आहे. येत्या दिवाळीच्या सुटींत मुलांस नेहमींचा निबंध न देतां असें सांगावें, कीं आजीबरोबर एकदां ओहोटीला जा, ती ज्या खडकांचीं व माशांचीं नांवें सांगेल तीं वहींत लिहून आणा, आणि आजीचें नांवहि त्या वहीच्या पहिल्या पानावर घाला. अशा वीस-पंचवीस वह्या जरी एखाद्या गांवीं जमल्या तरी त्या गांवच्या समुद्राचा तो पहिला सातबारा होईल, आणि त्यांत कब्जेदार म्हणून प्रथमच बायकांचीं नांवें असतील.